देवळाच्या मागे या

पोरांनो, वाईला जो येतो तो आधी ढोल्या गणपतीपुढे हात जोडतो. तुम्हीही जोडा. एकाच दगडातून घडवलेली एवढी थोरली मूर्ती, तिच्यापुढे उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. पण दर्शन झालं म्हणून लगेच खाऊच्या गाड्यांकडे पळू नका. देवळाला वळसा घालून मागे या. मला दाखवायचंय ते तिथं आहे.

बघा ही भिंत. इतर देवळांची मागची भिंत सपाट असते. ही मात्र माशासारखी निमुळती होत गेली आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं ते कृष्णेच्या अगदी काठावर, म्हणजे पुराच्या वाटेतच. आता विचार करा. पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला तर तो तिथंच अडतो आणि आपला सगळा जोर भिंतीवर टाकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर हा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो! पण भिंत निमुळती असली की पाणी दुभंगतं, दोन्ही अंगांनी सरकून पुढे जातं. नदीतल्या पुलांचे खांब कधी नीट पाहिलेत का? त्यांनाही प्रवाहाच्या बाजूला असंच टोक किंवा गोलाई दिलेली असते. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी गणिताची सूत्रं मांडली असतील की नाही, कुणास ठाऊक. पण नदीकडे त्यांनी बारकाईनं पाहिलं होतं, एवढं या भिंतीकडे बघून नक्की सांगता येतं.

मग तुम्ही विचाराल, आजोबा, एवढीशी नदी, तिला इतका पूर येतो कुठून? त्यासाठी पश्चिमेला बघा. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. कृष्णा तिथूनच निघते. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून बाष्पानं भरलेले वारे येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात. वर गेली की हवा गार होते, गार हवेत बाष्प मावत नाही, आणि ते धो धो कोसळतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाई डोंगराच्या अलीकडच्या अंगाला, म्हणून इथं त्यामानानं फारच कमी. म्हणजे गंमत बघा, वाईत नुसती भुरभुर असली तरी नदी भरून वाहत असू शकते, कारण तिचा पाऊस वर डोंगरात पडलेला असतो. आता वरच्या अंगाला धोम धरण आहे, ते बरंचसं पाणी अडवतं. तरी पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही, हे आजोबांचं सांगणं लक्षात ठेवा.

आता जरा खाली वाका आणि हा काळा दगड हातानं चाचपून पाहा. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि तप्त लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, जशी ताटात पोळ्यांची चवड. समोरच्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात ना, त्या या थरांच्याच. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उताराचा होतो. काही दगडांत बारीक भोकं दिसतात. लाव्हा थिजताना आतला वायू बुडबुड्यांच्या रूपानं अडकला, त्या या जागा. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि कुठे कुठे पांढरे, चमकदार स्फटिक तयार झाले. बहिर्गोल भिंग जवळ असेल तर लावून बघा, दगडात साखर सांडल्यागत दिसेल!

आणखी एक नवल. महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण पठाराचा उतार पूर्वेकडे, म्हणून कृष्णा जवळचा समुद्र सोडून सुमारे चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. त्या लांबच्या वाटेवर सुरुवातीलाच वाई लागते.

वेळ असेल तर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि तिथला घाट पाहा. पुढे धोमला जा. तिथं कमळाच्या आकाराच्या हौदात दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदी. हौदात पाणी भरलं की कासव तरंगतंय असंच वाटतं.

घरी गेल्यावर एक करा. वाहत्या पाटात एक वीट आडवी ठेवा. पाणी तिच्यापुढे कसं फुगतं, बाजूला कसे भोवरे होतात ते पाहा. मग तीच वीट फिरवून तिचा कोपरा प्रवाहाकडे करा. दोन्ही वेळा वरच्या अंगाला एक पान सोडा आणि ते कुठे अडतं, कुठून निसटतं ते वहीत काढून ठेवा. तुमचं चित्र आणि ढोल्या गणपतीची मागची भिंत शेजारी शेजारी ठेवली, की ती तशी का बांधली याचं उत्तर तुम्हीच मला द्याल.