नाझारेच्या लाटा, कॅमेरा आणि पाच गैरसमज

पोर्तुगालमधल्या नाझारे गावासमोर समुद्राच्या तळाशी प्रचंड दरी आहे. अटलांटिकच्या लाटा तिच्यातून फारसा जोर न गमावता किनाऱ्याजवळ येतात आणि प्राया दो नॉर्ते या पुळणीसमोर उभ्या राहतात. 2020 साली सेबास्टियन श्टॉइटनरने इथे 26.21 मीटरच्या लाटेवर सर्फिंग केलं. अशी उंची फोटो आणि व्हिडिओवरूनच मोजतात, म्हणून इथे फोटो नीट येण्याला फार महत्त्व आहे.

गैरसमज: लेन्स जितकी मोठी, तितका फोटो चांगला.
वस्तुस्थिती: सर्फर 300 मीटरवर आहे असं धरा. पक्ष्यांसाठी घेतलेली 600 मिमीची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर तिथला जेमतेम 12 मीटर उंचीचा भाग टिपते. सर्फर मोठा दिसतो, पण लाटेचा माथाच कापला जातो. 200 मिमीला 36 मीटर मावतात. शिवाय दुपारच्या तापलेल्या हवेची थरथर कितीही महाग लेन्स घेतली तरी जात नाही.

गैरसमज: 1/250 सेकंदाचा शटर स्पीड पुरतो.
वस्तुस्थिती: ताशी 60 किलोमीटर वेगाने आडवा जाणारा सर्फर तेवढ्यात जवळजवळ सात सेंटिमीटर सरकतो. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला तर थोडं सावरतं, तरी हात आणि उडणारं पाणी पुसट येतंच. 1/1000 पासून सुरुवात करा. ढगाळ दिवशी आयएसओ बेधडक वाढवा. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही.

गैरसमज: एक्स्पोजर ऑटोवर असलेलं बरं.
वस्तुस्थिती: फ्रेमभर फेस आला की कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं आणि फोटो काळवंडतो. गडद पाणी जास्त आलं की फेस पांढराफटक होऊन त्यातला तपशील जातो. लाट क्षणाक्षणाला बदलते, ऊन मात्र तेच असतं. म्हणून मॅन्युअलवर जा. उन्हातल्या फेसाचा एक फोटो काढून हिस्टोग्राम बघा, तो उजव्या कडेला आदळत नाही असं एक्स्पोजर ठरवा आणि उजेड बदलेपर्यंत त्याला हात लावू नका.

गैरसमज: बर्स्ट दाबून धरला की क्षण निसटत नाही.
वस्तुस्थिती: सेकंदाला 10 रॉ फ्रेम आणि बफर, म्हणजे कार्डवर लिहिण्याआधी फोटो साठवणारी मेमरी, 30 फ्रेमचा असेल, तर तीन-चार सेकंदांत कॅमेरा अडखळतो, तेही बहुधा लाट कोसळतानाच. सर्फर वळताना किंवा लाट त्याच्या डोक्यावर येताना छोटे बर्स्ट घ्या. आपला बफर किती फ्रेममध्ये भरतो, हे घरीच तपासा.

गैरसमज: वेदर-सील्ड म्हणजे वॉटरप्रूफ.
वस्तुस्थिती: सील शिंतोडे अडवतं, कॅमेरा पाण्यात बुडाला तर वाचवत नाही. पाण्यात उतरायचं तर कॅमेऱ्याला वॉटरप्रूफ हाउसिंग हवंच. किनाऱ्यावरही तुषार सुकून लेन्सवर मीठ बसतं आणि कोरड्या कापडाने घासलं की चरे पडतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने ते हलकेच टिपा.

चांगल्या उपकरणांचा उपयोग होतोच. पण अंतर, ऊन आणि बफर यांचं गणित आधी जमवलं, तर साध्या कॅमेऱ्यातही लाट तिच्या खऱ्या उंचीनिशी दिसते.