विशेषण निवडताना आधी नामाला विचारा

पाचवी-सहावीतल्या मुलांनी सहलीवर लिहिलेल्या निबंधात ‘छान’ हमखास चार-पाच वेळा भेटतो. जागा छान, जेवण छान, खेळ छान, परतीचा प्रवासही छान. यावर ठरलेला उपाय म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. सुंदर म्हणजे सुरेख, मनोहर, रम्य, रमणीय. मूल ती इमानेइतबारे पाठ करतं आणि पुढच्या निबंधात लिहितं, ‘माझी आई रमणीय आहे.’

यादी चूक नसते, अपुरी असते. रमणीय असतो तो परिसर, देखावा, घाटातलं एखादं वळण. कुठल्या विशेषणाची कुठल्या नामाशी सोयरीक जुळते, हे यादीत लिहिलेलं नसतं. अमरसिंहाच्या ‘अमरकोशा’त तिसऱ्या कांडाची सुरुवात विशेषणांच्या वर्गाने होते आणि त्या वर्गाचं नाव आहे ‘विशेष्यनिघ्नवर्ग’. निघ्न म्हणजे अधीन. तिथे ही अधीनता लिंग-वचनापुरती आहे, पण शिकवताना ती अर्थापर्यंत ताणायला माझी मुळीच हरकत नाही.

एकच शब्द घेऊन बघू : मोठा. फळ्यावर डावीकडे विशेषण लिहिण्याऐवजी नामं लिहायची. भाऊ, घर, मैदान, झाड, पाऊस, दगड. मग मुलांना विचारायचं, यातला प्रत्येक जण मोठा असेल तर त्याला आणखी काय म्हणाल? भाऊ थोरला होतो, घर ऐसपैस किंवा प्रशस्त, मैदान विस्तीर्ण, झाड डेरेदार, पाऊस मुसळधार, दगड भलामोठा. आता मुद्दाम अदलाबदल करायची. ऐसपैस भाऊ, मुसळधार झाड, डेरेदार मैदान. वर्ग हसतो आणि त्या हसण्यात निम्मा धडा होऊन जातो. थोर आणि थोरला यांतला फरकही इथेच सांगून टाकावा. थोरले बाजीराव हे आधीचे बाजीराव म्हणून थोरले. त्यांचं थोरपण ही वेगळी गोष्ट.

शब्द बदलला की व्याकरणही हलतं. मराठीत आकारान्त विशेषणं नामाप्रमाणे रूप बदलतात : मोठा वाडा, मोठी खोली, मोठं अंगण, मोठ्या घरात. प्रशस्त मात्र सगळीकडे प्रशस्तच राहतं. आकारान्तांतला अपवाद म्हणून एसटीची ‘जादा गाडी’ आठवावी. ‘जादी गाडी’ असं कोणी म्हणत नाही.

दुसरी पायरी तीव्रतेची. पाण्यासाठी शब्द द्यायचे : गार, कोमट, ऊन, कढत, उकळतं. एकेका मुलाच्या हातात एकेक चिठ्ठी देऊन त्यांना क्रमाने उभं करायचं. कोमट आणि ऊन यांच्यात जागेवरून वाद होतो, तो होऊ द्यावा. चढत्या क्रमाने लावलेले शब्द समानार्थी नाहीत, हे मुलांना तिथे उभं राहून कळतं.

मराठीची खरी श्रीमंती रंगांत आणि चवींत आहे, तिथे जरा जास्त रेंगाळावं. काळा घ्या. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट, कातळ काळाकभिन्न. रंग एकच, पण काळेभोर म्हणताना कौतुक असतं आणि काळाकुट्ट म्हणताना धास्ती. रंग जरासाच असेल तर काळसर, पिवळसर, हिरवट, तांबूस. लाल रंगाचं तसंच : ओठ लालचुटूक, रागाने डोळे लालबुंद, साडी लालभडक. लालभडक साडी विकत घेणारीला त्यातला ‘भडक’ आवडेलच असं नाही. चवीकडे वळलं तर गोडमिट्ट चहा, कडूजहर काढा, आंबटढाण चिंच, तिखटजाळ रस्सा. यातला दुसरा तुकडा चवीसाठी सहसा एकटा वापरात नसतो. मिट्ट चहा कोणी पीत नाही. म्हणून ही जोडी अखंडच शिकावी. घरी आजी असेल तर पुस्तकाचीही गरज नाही.

मग येतो बोलणाऱ्याचा भाव. एकाच अंगकाठीच्या मुलाला बारीक, सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, हडकुळा असं काहीही म्हणता येतं. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी सडपातळ असते. किडकिडीत मुलीची जाहिरात अजून कोणी दिलेली नाही. काटकसरी, कंजूष आणि चिक्कू यांचंही असंच : आपण काटकसरी असतो, शेजारी चिक्कू असतो. अशा शब्दांपुढे वहीत अधिक किंवा उणे चिन्ह करून ठेवावं. संस्कृत शब्दांची जातकुळी वेगळी असते. वारा शीतल असू शकतो, ताक मात्र गारच हवं. आणि मुलाने घरचा ‘झ्याक’ किंवा ‘ब्येस’ वर्गात आणला, तर त्याला खोडरबर दाखवू नये. कुठे बोलायचा आणि कुठे लिहायचा, एवढं सांगितलं की पुरे.

वहीची मांडणीही उलटी करावी. पानाच्या डोक्यावर विशेषण नको, नाम लिहा. ‘आवाज’ या पानावर खणखणीत, घोगरा, चिरका, किनरा, भसाडा, मंजुळ. ‘वास’ या पानावर उग्र, मंद, खमंग, कुबट, करपट. आठवड्याला दोन पानं झाली तरी भरपूर. अडलं तर दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे १९३२ ते १९३८ या काळातले सात खंड आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘मराठी शब्दबंध’ही आहे; त्यात शब्द अर्थांच्या गटांनुसार लावलेले असतात.

आता सहलीचा निबंध पुन्हा हातात घ्या. ‘जेवण छान होतं’ याच्या जागी ‘जेवण स्वादिष्ट होतं’ असं लिहून फारसं काही साधत नाही. काय होतं जेवायला, असं विचारा. ‘पिठलं झणझणीत होतं आणि भाकरी अजून गरम होती,’ असं उत्तर येतं, तेच लिहायला सांगा. ‘खेळ छान होते’ मधला ‘छान’ तर काढूनच टाकावा आणि कोणते खेळ खेळलात ते लिहून घ्यावं. नव्याने शब्द शिकलेली मुलं सुरुवातीला ‘सुंदर, मनोहर, रमणीय तळं’ अशी रांग लावतात. त्यातला कोणता एक ठेवशील, एवढंच विचारावं.

प्रश्नपत्रिकेत ‘समानार्थी शब्द लिहा’ येणारच आणि त्यासाठी यादी पाठ करण्यात गैर काही नाही. शिक्षकांनी चाचणीत तिथेच एक ओळ वाढवावी : शब्द लिहा आणि तो चालेल असं एक नाम, चालणार नाही असं एक नाम द्या.