नळीतून उजेड दिसला पाहिजे: जुन्या दुनळी बंदुकीची साफसफाई

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जिथे अडखळलो, ते तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा आहे. आज बंदूक. घाबरू नका, चालवायची नाहीये. साफ करायचीय.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमचं गाव कोकणात. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, इंग्लंडमध्ये बनलेली. कोकणात अशा बऱ्याच घरांत असतात. भात कापणीला आलं की रानडुकरं उतरतात, माडांवर माकडं येतात. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आमच्याकडे बार निघतो तो हवेतच. आवाज झाला की काम झालं.

तर मध्ये आबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दीड वर्ष बंदुकीला कुणी हातच लावला नाही. माळ्यावर कुलूपबंद लाकडी पेटीत पडून होती. यंदा दिवाळीला मी गावी गेलो, त्याच्या आदल्या रात्री डुकरांनी खालचा कुणगा तुडवलेला. आबा चिडलेले. मी पोचलो तेव्हा बंदूक खाली काढलेली होती आणि खिडकीत दोन काडतुसं. "उद्या पहाटे एक बार काढतो, बघ कसे पळतात."

मी म्हटलं, "आबा, आधी साफ तरी करूया." खरं कारण सांगू? मला फोटो काढायचा होता. ती चकचकीत दिसावी, एवढंच डोक्यात होतं.

सुरुवात कुठून?

एक गोष्ट आधीच सांगतो. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्यासमोरच हाताळायची. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्यात गंमत नाही. आबा शेजारी खुर्चीत, मी खाली ओटीवर.

पहिलं काम, बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही चेंबर रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. "रिकामीच आहे रे" या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, बोलणारे आजोबा असले तरी. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. मग नळ्यांखालचा पुढचा लाकडी दस्ता काढला की नळ्या मागच्या कुंद्यापासून सुट्या होतात. आता तुमच्या हातात बंदूक नाही, दोन जोडलेले पाईप आहेत. साफसफाई याच अवस्थेत करायची.

दुसरं काम म्हणजे नळ्या उजेडाकडे धरून आत बघणं. चिंधी घालायच्या आधी, तेल लावायच्या आधी. चांगल्या नळीत उजेडाची आणि सावलीची गोल वलयं दिसतात, एकात एक, एका केंद्राची. वलय कुठे तुटलं किंवा वाकडं दिसलं, तर तिथे नळीला पोचा आहे किंवा ती फुगलीय.

उजव्या नळीतून मला अंगणातलं तुळशीवृंदावन दिसलं. डाव्या नळीतून काहीच दिसेना. पूर्ण काळोख.

आत काय होतं?

माती. पेटीची एक फळी वाळवीने खाल्लेली, तिथून कुंभारीण आत शिरली असणार. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी भिंतीवर, खिडकीच्या खाचेत मातीचं घर बांधते. तिला अंगठा जाईल एवढी नळी म्हणजे आयतं घर. बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असते. तिने व्यवस्थित बूच मारून ठेवलं होतं.

आता हे किती गंभीर आहे ते समजून घ्या. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो. काडतूस उडतं तेव्हा चेंबरमध्ये काहीशे बार तयार होतो. हा दाब छर्ऱ्यांना पुढे ढकलत जातो आणि नळीभर पसरत कमी होतो. म्हणूनच नळी मागे जाड आणि पुढे पातळ बनवतात. पुढे तर भिंत एक मिलिमीटरच्याही आत असते. मध्ये बूच असेल तर वेगाने येणारे छर्रे तिथे अडतात आणि दाब नेमका त्या पातळ जागी उसळतो. नळी फुगते किंवा फाटते. आणि त्याच जागेच्या आसपास आपला डावा हात असतो.

मी आबांना नळी दिली. त्यांनी खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता परत दिली.

आता प्रत्यक्ष साफसफाई

मातीवर थोडं पाणी सोडून ती भिजू दिली आणि चेंबरच्या बाजूने लाकडी काठीने हळूहळू पुढे ढकलली. ठोकाठोकी करायची नाही.

मग कोरडी चिंधी. गजाला गुंडाळून चेंबरकडून आत, तोंडाकडून बाहेर. उलटं केलं तर सगळी घाण मागच्या यंत्रणेत जाते. नंतर सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग फॉस्फर ब्राँझचा ब्रश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण. मध्येच दिशा बदलली तर ब्रश अडकतो. ब्राँझ पोलादापेक्षा मऊ, म्हणून घाण निघते पण नळी खरवडत नाही. राखाडी रेघा दिसल्या तर ते छर्ऱ्यांचं शिसं. शिसं विषारी आहे, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात नको, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. शेवटी चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत पुसायचं आणि तेलाचा अगदी पातळ हात. शिलाई मशीनचं तेल चालतं. आबा खोबरेल लावायचे. ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं.

"पूर्वी आम्ही कढत पाण्याने धुवायचो," आबा म्हणाले. बरोबरच आहे, पण ते ठासणीच्या बंदुकीला. काळ्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढतात, आणि ते तेलात नाही, पाण्यातच विरघळतात. दुनळीचं तसं नाही. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी डाखाने जोडलेली असते. पाणी पट्टीखाली शिरलं की आतून गंज. आणि वाळवायला चुलीवर धरली तर डाखच सुटायचा. साधा मऊ डाख दोनशे अंशांच्या आतच वितळतो.

नळ्या सुट्या आहेत तोवर खालच्या बाजूचे ठसेही वाचून घ्या. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून नळ्या तपासून ठसे मारतं. तिथल्या जुन्या नळीवर मुकुटाखाली 'एनपी' किंवा नंतरच्या काळातला 'बीएनपी' असेल, तर ती आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. पण ती तपासणी त्या दिवसापुरती. नंतर नळीचं काय झालं, ते ठसा सांगत नाही.

कुठे थांबायचं?

डावी नळी साफ झाली. उजेड दिसला. पण माती जिथे होती तिथे एक काळपट पट्टा राहिला, बारीक खड्डे पडलेला. मातीने दोन पावसाळ्यांचा ओलावा तिथे धरून ठेवला होता.

माझा पहिला विचार काय? पॉलिश पेपर. घासून काढू, फोटो छान येईल. पण खड्डा घासून भरत नाही. आपण त्याच्या आजूबाजूचं लोखंड कमी करतो, तेही जिथे मुळात मिलिमीटरभरसुद्धा नाही. चिंच, लिंबू तर अजिबात नको. आम्ल गंजावर थांबत नाही, चांगलं लोखंडही खातं.

खड्ड्याखाली भिंत किती उरलीय, हे डोळ्याने कळत नाही. त्याला मापाचं उपकरण लागतं आणि ते परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे असतं. मी आबांना तेवढंच म्हटलं, "मोजून येईपर्यंत बार नको."

आबा कुरकुरले. "तीस वर्षं वापरतोय मी ही." मग स्वतःच उठले, काठी टेकत खिडकीपाशी गेले आणि आत नेलेली काडतुसं कपाटात आहेत ना, ते बघून कपाटाला कुलूप लावलं. त्या पहाटे आम्ही दोघांनी कुणग्यावर पत्र्याचा डबा बडवला. डुकरं पळाली. निदान त्या दिवशी तरी.

फोटो मी काढला नाही. पण एक सवय लागली. बंदूक पेटीतून काढली की आधी नळी उजेडाकडे. आणि बार काढायच्या आधी आतलं तेल पुसून पुन्हा एकदा उजेडाकडे. दहा सेकंदांचं काम आहे.

चला मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांना खुर्चीत बसवा, नळ्या सुट्या करा आणि आधी फक्त बघा. भेटूया पुढच्या भागात!