रस्त्याची राखण आणि माणसांच्या बदल्या



गांवचा रस्ता कोणाचा, असा प्रश्न कोणी केला तर आपण सहज "सरकारचा" असें उत्तर देतों. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. सरकार हें एक नांव झालें. रस्त्यावर फावडें घेऊन जाणारा मात्र हाडामांसाचा एक मनुष्य असतो. तो मनुष्य कोण, त्यास कोण नेमतो, तो किती दिवस त्या जागीं राहतो आणि तो गेल्यावर त्याच्या जागीं कोण येतो, या साध्या प्रश्नांवर आपल्या रस्त्याचें आयुष्य अवलंबून असतें. आज त्याच गोष्टीचा थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्याकडील गांवच्या रस्त्यांची हकीकत एका आण्यापासून सुरू होते. जुन्या मुंबई इलाख्यांत १८६९ सालीं लोकलफंडाचा कायदा झाला. त्या अन्वयें जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी घेण्यांत येऊं लागली. आणि तिच्या उत्पन्नाचे तीन भाग करून दोन भाग रस्त्यांकडे व एक भाग शाळांकडे लावण्यांत आला. म्हणजे खेड्यांतील सडक आणि खेड्यांतील शाळा हीं एकाच आण्याचीं भावंडें होत. ज्याचा जन्म शाळेंत गेला, त्यास हें नातें समजावून सांगावें लागत नाहीं. ओढ्यावरील मोरी वाहून गेली कीं पलीकडच्या वाडीचीं मुलें हजेरीपटावर गैरहजर लागतात, हें प्रत्येक मास्तरास ठाऊक असतें.

पुढें १८८४ सालीं जिल्ह्याजिल्ह्यांतून व तालुक्यांतून लोकलबोर्डें स्थापन झालीं, आणि १९२३ सालीं त्यांचा नवा कायदा झाला. तोंपर्यंत मोटारी रस्त्यावर आल्या होत्या, आणि बैलगाडीच्या चाकास पुरणारी खडी मोटारीच्या वेगास पुरेना. म्हणून १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थान सरकारनें एक समिती नेमली. रस्त्यांचें काम आतां प्रांतिक सरकारांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर चाललें असून तें सर्व राष्ट्राचें काम झालें आहे, असा अभिप्राय या समितीनें १९२८ सालीं दिला. १९४३ सालीं नागपूर येथें निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य इंजिनियर जमले, आणि त्यांनीं रस्त्यांची जी प्रतवारी ठरविली तीच थोड्याफार फरकानें आजहि चालू आहे : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग.

१ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. तेव्हांपासून सामान्यतः शेवटचे दोन प्रकार, म्हणजे इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग, हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे राज्य सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. प्रवाशास याची खूण रस्त्याच्या कडेस मिळते. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, आणि नारिंगी असेल तर खेड्याचा रस्ता. तक्रार घेऊन जाण्यापूर्वीं हा दगड पाहावा. नाहीं तर एका कचेरीनें दुसरीकडे बोट दाखवावें व दुसरीनें पहिलीकडे, यांतच पावसाळा निघून जातो.

आतां रस्ता बिघडतो कसा तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, रस्ता गाड्यांच्या ओझ्यानें मोडतो. ओझें हें कारण आहेच. पण रस्त्याचा खरा वैरी पाणी होय. डांबरी रस्ता मध्यें किंचित् उंच व दोन्ही कडांस उतरता ठेवलेला असतो. हा उतार दर मीटरास सुमारें २ ते २.५ सेंटिमीटर इतकाच असतो, आणि तेवढ्यावर पावसाचें पाणी कडेस जाऊन गटारांत पडतें. परंतु रस्त्याच्या कडेची मुरमाची बाजूपट्टी गवतानें व मातीनें वाढत जाऊन डांबरापेक्षां उंच झाली, तर तें पाणी रस्त्यावरच थांबतें. डांबरास बारीक भेग पडलेली असते. तींतून पाणी आंत उतरतें व खालची खडी आणि माती भिजून मऊ होते. वरून जड चाक गेलें कीं ती जागा दबते, डांबर निखळतें, आणि सकाळीं जेथें ओल होती तेथें चार दिवसांनीं खड्डा दिसतो. देशावरील काळ्या जमिनींत हा प्रकार अधिक त्वरेनें होतो. कारण ती माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता पाण्यापासून जपला नाहीं, तर कितीहि डांबर ओतलें तरी तो उभा राहत नाहीं.

यावरून एक गोष्ट लक्षांत येईल. गटार उपसणें, मोरीच्या तोंडचा पालापाचोळा काढणें, बाजूपट्टी तासून उतार राखणें, भेग दिसतांच ती बुजविणें, हीं रस्त्याच्या रक्षणाचीं मुख्य कामें होत. आणि तीं सर्व स्वस्त आहेत. त्यांस मोठीं यंत्रें लागत नाहींत. त्यांस एक कुदळ, एक फावडें, एक घमेलें आणि रोज तोच रस्ता पाहणारा एक मनुष्य लागतो.

असा मनुष्य आपल्याकडे पूर्वीं नेमलेला असे. त्यास मैलकुली व पुढें मैल कामगार म्हणत. मैलांची मोजणी जाऊन किलोमीटर आले, तरी त्याचें हें नांव टिकलें. रस्त्याचा ठराविक तुकडा त्याच्याकडे सोंपविलेला असे, त्याच्यावर मुकादम, आणि मुकादमावर रोडकारकून. हा मैल कामगार विद्वान् नसे; परंतु आपल्या तुकड्यांतील कोणती मोरी पहिल्या पावसांत तुंबते, कोणत्या शेताचा बांध फुटला कीं पाणी रस्त्यावर येतें, कोठें खालीं झरा आहे, हें त्याच्या डोळ्यांपुढें असे. कागदांत नसलेला रस्ता त्याच्या ध्यानांत असे.

गेल्या कांहीं दशकांत ही व्यवस्था हळूहळू विरळ होत गेली. मैल कामगार निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागीं नवीं माणसें नेमण्याऐवजीं देखभालीचीं कामें कंत्राटानें देण्याकडे सरकारचा कल झाला. कंत्राटाची पद्धत सर्वस्वीं वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंत ज्यानें रस्ता बांधला त्यानेंच तो पुढें पांच वर्षें राखावा, अशी अट घातलेली आहे. आणि ही अट शहाणपणाची आहे. बांधणाराच राखणार असला म्हणजे तो बांधतांनाच विचार करतो. त्या रस्त्यावर जो फलक लावलेला असतो, त्यावर कंत्राटदाराचें नांव, काम पूर्ण झाल्याची तारीख व देखभालीची मुदत लिहिलेली असते. पण कंत्राटदारास रोज कोणीतरी विचारावें लागतें. मैल कामगार आपण होऊन गटार उपशीत असे. कंत्राटदाराकडून तें उपसून घ्यावें लागतें. तें उपसून घेणारा मनुष्य म्हणजे कचेरींतील शाखा अभियंता व त्यावरील उपअभियंता. आणि येथेंच माणसांच्या बदल्यांचा प्रश्न उभा राहतो.

सरकारी नोकरांच्या बदल्यांसंबंधीं महाराष्ट्रांत २००५ सालचा कायदा आहे. त्याअन्वयें अधिकाऱ्याची एका जागेवरील मुदत सामान्यतः तीन वर्षांची, आणि बदल्या सामान्यतः वर्षांतून एकदांच, एप्रिल किंवा मे महिन्यांत, व्हावयाच्या असतात. जिल्हा परिषदेच्या सेवकांच्या बदल्याहि बहुधा याच सुमारास होतात. या नियमामागें विचार आहे. एकाच जागीं मनुष्य वर्षानुवर्षें राहिला तर त्याचे हितसंबंध तयार होतात. आणि उन्हाळ्यांत बदली झाली तर त्याच्या मुलांच्या शाळेचें वर्ष बुडत नाहीं. हें सर्व मान्य आहे. परंतु रस्त्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर हेच दोन महिने सर्वांत नाजूक होत. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतें. त्याच्या आधींच्या पंधरवड्यांत गटारें व मोऱ्या मोकळ्या झाल्या नाहींत तर पुढें चार महिने त्यांवर इलाज नाहीं. नेमक्या त्याच पंधरवड्यांत जुना अंमलदार सामान बांधीत असतो आणि नवा अंमलदार आपल्या हद्दींतील गांवांचीं नांवें पाठ करीत असतो.

या तीन वर्षांचा हिशेब करून पाहा. नव्या माणसाचा पहिला पावसाळा रस्ते ओळखण्यांत जातो. त्यानें पाहिलेल्या दोषांचें अंदाजपत्रक होऊन मंजुरी मिळेपर्यंत दुसरा पावसाळा येतो. पैसा हातीं येतो तो बहुधा ३१ मार्चच्या आंत संपविण्याच्या घाईंत. काम होतें, आणि तें टिकलें कीं नाहीं हें तिसऱ्या पावसाळ्यांत त्यास कळतें. जें कळलें तें पुढल्या कामांत वापरण्याची वेळ आली कीं बदलीचा हुकूम येतो. यांत कोणा एकाचा दोष नाहीं. मनुष्य कामसू असला तरीहि असेंच घडतें; म्हणूनच हा प्रश्न माणसाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाहीं.

रस्त्याची आठवण राखणारा आणखी एक मनुष्य असतो, तो म्हणजे निवडून आलेला सभासद. त्याची कधीं बदली होत नाहीं, आणि त्याच्या दारीं गाऱ्हाणें नेतां येतें. मार्च २०२२ मध्यें राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबणीवर पडून पुढें कित्येक वर्षें तेथील कारभार प्रशासकांनीं पाहिला. प्रशासक कितीहि दक्ष असला, तरी त्यास सर्व तालुक्यांतील एकूणएक मोरी ठाऊक असणें शक्य नाहीं. अशा रीतीनें खालचा मैल कामगार गेला, मधला अंमलदार बदलत राहिला आणि वरचा सभासदहि कांहीं काळ नाहींसा झाला. रस्ता तेवढा जागच्या जागीं राहिला.

याचा परिणाम कोणास भोगावा लागतो? ज्याच्याजवळ मोटार आहे तो वळसा घालून जातो. पण रात्रीं प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या बाईस न्यावयास आलेली गाडी मोरीच्या अलीकडेच थांबली, तर तिला वळसा परवडत नाहीं. दुधाच्या घागरी, भाजीच्या पाट्या आणि परीक्षेस निघालेलीं मुलें यांची गोष्ट तीच. नवा रस्ता झाला म्हणजे नारळ फुटतो, भाषणें होतात. गटार उपसल्याबद्दल आजवर कोणी नारळ फोडल्याचें ऐकिवांत नाहीं. म्हणून नव्या कामास पैसा मिळतो आणि राखणीस मिळत नाहीं. आणि रस्ता पार उखडल्यावर आपण पुन्हां नव्या कामाची मागणी करतों. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं जणूं याच व्यवहारासाठीं रचली असावी.

मग उपाय काय? बदल्या बंद कराव्या असें मी म्हणत नाहीं. तीन गोष्टी मात्र करतां येण्यासारख्या आहेत, आणि त्यांस नवा कायदा लागत नाहीं.

पहिली गोष्ट, गांवानें आपल्या रस्त्याची एक वही ठेवावी. शाळेंत जशी हजेरीची वही असते, तशीच ग्रामपंचायतींत ही असावी. तींत प्रत्येक मोरी कोठें आहे, ती केव्हां तुंबली, पाणी कोणत्या बाजूनें आलें, डांबर कोणत्या सालीं पडलें, तें कोणी टाकलें आणि त्याच्या देखभालीची मुदत केव्हां संपते, एवढें लिहावें. आठवी-नववींतील मुलें हें काम आनंदानें करतील, आणि भूगोलाचा पाठ पुस्तकाबाहेर शिकतील.

दुसरी गोष्ट, अंमलदारांनीं आपल्या कामाचा चार्ज टेबलावर न देतां रस्त्यावर द्यावा. जाणाऱ्यानें येणाऱ्यास एक दिवस बरोबर घेऊन नाजूक जागा दाखवाव्या, आणि त्या वेळीं गांवचा सरपंच ती वही घेऊन हजर असावा. एका दिवसाच्या या फेरीनें नव्या माणसाचा एक पावसाळा वांचेल.

तिसरी गोष्ट, पहिल्या पावसाच्या आठवड्यांत प्रत्येक रस्त्यावर फावडें घेतलेला मनुष्य असलाच पाहिजे; मग तो नोकर असो कीं कंत्राटदाराचा मजूर असो. त्याचें नांव व तुकडा आधीं ठरलेला असावा आणि तें गांवास माहीत असावें. आपण हिशेब विचारतों तो बहुधा रुपयांचा. माणसाच्या दिवसांचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. रस्त्याच्या राखणींत हा दुसरा हिशेबच अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे १ मे रोजीं ग्रामसभा भरविण्याचा परिपाठ आहे. बदल्यांचे हुकूम त्याच सुमारास निघतात, आणि पाऊस सवा महिन्यावर आलेला असतो. त्या सभेंत नव्या रस्त्याची मागणी करण्यापूर्वीं असलेल्या रस्त्याविषयीं दोन प्रश्न विचारावे : या वर्षीं आमच्या मोऱ्या कोण उपसणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत? उत्तरांत एका मनुष्याचें नांव व एक तारीख मिळाली, तर तीं वहींत लिहून घ्यावीं. मिळालीं नाहींत, तर तेंहि त्याच पानावर लिहावें, आणि तें पान घेऊन नव्या अंमलदाराकडे मृगापूर्वीं जावें.