चोच नव्हे, ज्ञानेंद्रिय

वांद्र्याच्या चिंबईत कोळणीच्या पाटीत मुशी दिसली, तर तिचं नाक नीट बघा. त्यावर बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ. भक्ष्याच्या अंगातून पाण्यात पसरणारी क्षीण वीज मुशीला या छिद्रांमुळे कळते. पाकटाचंही तसंच. हीच विद्या एका सस्तन प्राण्यानेही स्वतंत्रपणे मिळवली आहे. तो म्हणजे ऑस्ट्रेलियाचा प्लॅटिपस.

दिसायला हा अजबच. मांजराहून लहान, अंगावर दाट तपकिरी केस, शेपटी चपटी, पायांना पडदे आणि तोंडाला बदकाची चोच! १७९९ साली जॉर्ज शॉ यांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हा ही चोच कुणी जोडली तर नाही ना, अशी शंका त्यांनाही आली.

पण ही चोच टणक नाही. मऊ, चामड्यासारखी आहे. बुडी मारताना प्लॅटिपस डोळे, कान, नाकपुड्या सगळं मिटून घेतो. मग शिकार सापडते कशी? चोचीवर सुमारे ४०,००० विद्युत-संवेदक आणि ६०,००० स्पर्श-संवेदक असतात. डोकं डावी-उजवीकडे हलवत तो दिशा शोधतो. कोळंबीने शेपूट झटकली की तिच्या स्नायूंची वीज आधी पोचते, पाण्याचा हेलकावा मागून. या फरकावरून त्याला अंतर कळत असावं, असं मानतात.

एवढी तीक्ष्ण जाणीव असूनही तो सापळ्यात फसतो. शेवंडासारखे गोड्या पाण्यातले जीव पकडायच्या बंद सापळ्यात तो भक्ष्यामागे शिरतो, बाहेर पडता येत नाही आणि श्वासाविना बुडून मरतो. व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये असे सापळे बंद केले. वरून उघडी जाळी वापरली, तर माणसाला त्याची शिकार मिळते आणि प्लॅटिपसही वाचतो.