एकत्र येण्याचे शब्द

शब्दकोशकार सोयीसाठी काही शब्दांना एका ओळीत बसवतो. पण एका पंक्तीला बसलेले सगळेच एका कुळीचे असतात असे नाही. 'एकत्र येणे' या अर्थाचे इंग्रजी शब्द पाहावयास गेले, तर जॉइन, युनाइट, अलाय, फेडरेट, मर्ज, अमॅल्गमेट, अफिलिएट, कोलॅबोरेट अशी लांबलचक यादी हाती लागते. आपले विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत जो शब्द आधी आठवेल तो लिहून मोकळे होतात. मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे असे लेखन वरचेवर माझ्या वाचनात येते. वाक्य व्याकरणाने शुद्ध असते. फक्त त्यात दोन मित्र 'मर्ज' झालेले असतात आणि गावाची स्वच्छता करण्यासाठी तरुण मंडळी 'कॉन्स्पायर' करीत असतात! प्रथम हसू येते. पण याच शब्दांवरून माणसे लढली आहेत आणि मतपेट्या भरल्या आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे विषय हसण्यावारी नेता येत नाही.

हे शब्द पारखण्यासाठी मी दोन प्रश्नांची कसोटी लावतो. एकत्र आल्यावर प्रत्येकाचे स्वतःचे असे काय उरते? आणि ज्याला परत फिरावयाचे असेल, त्याच्यासाठी दार उघडे असते काय?

'जॉइन' हा यांतला सर्वांत साधा शब्द. तो 'जुंगेरे' या लॅटिन क्रियापदापासून आला. आपला संस्कृत 'युज्' धातू, त्यापासून झालेला 'योग', इंग्रजीतला 'योक' आणि आपल्या शेतकऱ्याचे 'जू' ही सारी एकाच घराण्यातली भावंडे. आज खेळाडूंच्या संघाला लावला जाणारा 'टीम' हा शब्ददेखील मुळात एकत्र जुंपलेल्या जनावरांसाठी वापरला जाई. जू मानेवर असेतो दोन्ही बैल एका तासाने चालतात. संध्याकाळी जू उतरले की ज्याची त्याची दावण वेगळी. 'जॉइन'मध्ये कोणी स्वतःला हरवत नाही.

'अलाय' आणि 'लीग' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'बांधणे' हा अर्थ आहे. ही गाठ विशिष्ट कामापुरती असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांचे 'अलाय' होते. शत्रू समान होता, विचार समान नव्हते. १९४५ साली युद्ध संपले आणि थोड्याच वर्षांत दोघे एकमेकांसमोर दंड थोपटून उभे राहिले. यात शब्दाची फसवणूक काहीच नाही. 'अलाय'ने यापेक्षा अधिक वचन दिलेलेच नसते.

'फेडरेशन', 'कॉन्फेडरेशन' आणि 'युनियन' या तिघांत मात्र जपून पाऊल टाकावे लागते. पहिल्या दोघांचे मूळ 'करार' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तिसऱ्याचे मूळ 'एक' या संख्येत. अमेरिकेतील संस्थाने प्रथम १७८१ च्या करारान्वये 'कॉन्फेडरेशन' म्हणून एकत्र आली. हे बंधन फार सैल आहे असे अनुभवास आल्यावर १७८७ साली नवी राज्यघटना तयार झाली. पुढे १८६०-६१ साली दक्षिणेतील अकरा राज्ये फुटून निघाली, तेव्हा त्यांनी आपल्यासाठी 'कॉन्फेडरेट' हे विशेषण निवडले आणि उत्तरेने 'युनियन' हा शब्द ध्वजासारखा हाती धरला. दार उघडे आहे की नाही, या माझ्या दुसऱ्या प्रश्नावर तेथे चार वर्षे यादवी युद्ध चालले.

आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा 'युनियन' आहे असे म्हटले आहे. 'फेडरेशन' का नाही, याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी दिले. भारताचा संघ हा घटकराज्यांनी आपसांत केलेल्या कराराचे फळ नव्हे आणि कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. एका शब्दाच्या निवडीत केवढा निर्णय सामावलेला असतो, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आता 'मर्ज'. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ 'बुडवणे' असा आहे. आपण 'विलीन होणे' म्हणतो, त्यातही विरघळणे आहेच. संस्थानांचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. संस्थानिकांनी प्रथम सामीलनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे गेले. इंग्रजीत ते 'अक्सेशन'. त्यानंतरचा 'मर्जर' निराळा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आणि १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थान म्हणून त्यांचे वेगळे अस्तित्व संपले. येथे शब्दयोगी अव्ययाकडेही लक्ष असू द्यावे. दोघे बरोबरीचे असतील तर 'मर्ज विथ'. लहानाने मोठ्यात मिसळावयाचे असेल तर 'मर्ज इन्टु'. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद व तिच्या भगिनी बँका भारतीय स्टेट बँकेत गेल्या, तो 'इन्टु'चा प्रकार. पाट्या कोणाच्या उतरल्या हे पाहिले की अव्यय आपोआप सुचते.

'अमॅल्गमेट'मध्ये पारा आहे. पाऱ्यात दुसरा धातू कालवला म्हणजे जे मिश्रण होते, ते अमॅल्गम. आणि 'अफिलिएट'मध्ये चक्क दत्तकविधान आहे! लॅटिन 'फिलियस' म्हणजे मुलगा. महाविद्यालय विद्यापीठाला 'अफिलिएट' होते, म्हणजे शब्दशः त्याचे लेकरू होते. त्या हिशेबाने बेळगावची जुनी महाविद्यालये तीन घरी नांदली: प्रथम मुंबई विद्यापीठ, मग धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ. घर बदलले तरी महाविद्यालयाचे नाव आणि इमारत कायम राहिली. 'मर्ज'मध्ये ही सोय नाही.

काही शब्दांना नीतीचा रंग असतो. 'कॉन्स्पायर' म्हणजे मुळात एकत्र श्वास घेणे, 'कोल्यूड' म्हणजे एकत्र खेळणे. दोन्ही निरुपद्रवी, पण प्रचारात एकाचा झाला कट आणि दुसऱ्याचे झाले संगनमत. 'कोलॅबोरेट' म्हणजे एकत्र श्रम करणे. १९४० साली फ्रान्सचे मार्शल पेताँ यांनी जर्मनांशी सहकार्य करण्याच्या धोरणाला हा शब्द लावला आणि तेव्हापासून 'कोलॅबोरेटर' म्हणजे शत्रूला सामील झालेला, असाही अर्थ त्याला कायमचा चिकटला. दोन शास्त्रज्ञ आजही सुखाने 'कोलॅबोरेट' करतात. संदर्भ युद्धाचा असेल तर मात्र लेखणी आवरावी. आपल्याकडेही 'हातभार' स्वच्छ आहे, पण वर्तमानपत्रात 'हातमिळवणी' आली की संशयाचा वास येतो. इंग्रजीतील 'जॉइन हँड्स'ला तो वास सहसा नसतो, हे भाषांतर करणाऱ्याने विसरू नये.

हे सारे आपल्या दाराशी किती जवळचे आहे ते पाहा. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, हा प्रश्न होता. विलीनीकरणाला १,३८,१७० आणि संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली. केवळ एका शब्दाने कौल फिरला असे कोणी म्हणणार नाही. परंतु 'विलीन' या शब्दात एकाला नदी सागराला मिळताना दिसते, तर दुसऱ्याला आपले नाव बुडताना दिसते. आणि दोघेही शब्दाचा अर्थ बरोबरच लावत असतात.

आमच्या सीमाभागात 'एकीकरण' या शब्दाचे असेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर आणि कोडगू यांत विखुरलेला कन्नड भाषकांचा मुलूख बव्हंशी एका राज्यात आला. कन्नड माणूस त्याला 'कर्नाटक एकीकरण' म्हणतो. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि येथील मराठी माणसाची चळवळ महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नावाने चालत आली. या अंकाच्या मराठी विभागात आणि कन्नड विभागात हा शब्द एकाच उच्चाराने वाचला जाईल. एका घरी तो साध्य झालेला इतिहास आहे, दुसऱ्या घरी अपुरी राहिलेली मागणी. इंग्रजीत दोन्हींना 'युनिफिकेशन' म्हणून शब्दकोश हात झटकतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे एवढेच, की 'एकत्र येऊ या' असे कोणी म्हटले, तर आनंद जरूर वाटू द्यावा. पण कोणत्या क्रियापदाने यावयाचे आहे, हेही विचारून घ्यावे. आणि शेजारच्या बाकावरचा मित्र तोच शब्द वापरून वेगळे काही म्हणत असेल, तर वादास तोंड फुटण्यापूर्वी त्याला त्या शब्दाचा त्याच्या घरचा अर्थ विचारावा. तेवढ्यासाठी कोणालाच कोणात विलीन व्हावे लागत नाही.