रिकामे ठेवलेले षटकोन

ए ७ ८ ८ ८ ९ ९. ‘ट्रॅव्हलर’ खेळणाऱ्या माणसाला एवढ्या खुणांतून अख्खा ग्रह दिसतो. ‘ए’ म्हणजे उत्तम अवकाशतळ, जिथे ताऱ्यांदरम्यान जाणारी जहाजं बांधली जातात. ७ म्हणजे साधारण सात हजार मैल व्यास, पृथ्वीहून थोडा लहान. पुढे दाट हवा, सुमारे ८० टक्के पाणी आणि दहा कोटींहून अधिक वस्ती. राज्य नोकरशाहीचं, आणि कायदा असा की घराबाहेर कुठलंही शस्त्र जवळ बाळगायची मुभा नाही. या ग्रहाचं नाव रेजिना.

हा खेळ १९७७ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने काढला. कर्ता मार्क मिलर. एका खोक्यात तीन छोट्या काळ्या पुस्तिका, एवढाच ऐवज. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण रेफरी होतो, बाकीचे एकेक पात्र. ही पात्रं बहुधा सैन्यातून किंवा नौदलातून बाहेर पडलेली मध्यमवयीन माणसं असतात. जहाज मिळालंच तर कर्जावर, आणि हप्ते चाळीस वर्षांचे. तेव्हा माल भरायचा, उतारू घ्यायचे आणि पुढच्या ताऱ्याकडे निघायचं. विज्ञानकथेत पोटापाण्याची इतकी खरी चिंता क्वचित भेटते.

त्या पहिल्या पुस्तिकांत जग जवळजवळ नव्हतंच, ते तयार करायची रीत होती. आठ बाय दहा षटकोनांचा कागद घ्यायचा. एक षटकोन म्हणजे एक पार्सेक, ३.२६ प्रकाशवर्षं. प्रत्येक षटकोनासाठी एक फासा टाकायचा. चार किंवा त्याहून जास्त पडले तर तिथे जग आहे. मग दोन फाशांनी आकार ठरतो. हवेच्या आकड्यात आकाराचा आकडा धरला जातो, राज्यपद्धतीच्या आकड्यात वस्तीचा, आणि कायद्याच्या आकड्यात राज्यपद्धतीचा. संध्याकाळभरात चाळीसेक जगं हाती येतात.

यातली खरी गंमत फासे चुकीचं वाटणारं काही देतात तेव्हा सुरू होते. समजा, हवा नाही, पाण्याचा थेंब नाही असा खडक निघाला आणि वस्ती पडली अब्जावधी. इतकी माणसं तिथे का राहतील? फासे पुन्हा टाकता येतात, पण जाणते रेफरी टाकत नाहीत. कुणी तिथे खाणी कल्पतो, कुणी धर्मासाठी परागंदा झालेला समाज, कुणी जमिनीखाली पुरलेली प्राचीन शहरं. कारण सापडलं की त्या जगाला इतिहास मिळतो. कोऱ्या कागदासमोर बसून ‘काहीतरी अद्भुत सुचव’ म्हटलं तर सामान्य माणूस गांगरतो. अडचणीचा आकडा समोर ठेवला तर तोच माणूस कादंबरीकारासारखा विचार करू लागतो. चाहत्यांनी इतकं विपुल काम केलं त्याचं मूळ मला या नियमात दिसतं.

दुसरा नियम त्याहून खोल आहे. ट्रॅव्हलरमध्ये प्रकाशापेक्षा वेगाने संदेश जात नाही. जहाज एका उडीत एक ते सहा पार्सेक जातं आणि उडी कितीही लांब असली तरी सुमारे आठवडा लागतो. म्हणजे बातमी जहाजाच्याच वेगाने पोहोचते. खेळातल्या साम्राज्याच्या राजधानीतली घटना सीमेवर कळायला महिने जातात. म्हणून स्थानिक उमरावांना स्वतःच्या अकलेने कारभार करावा लागतो, आणि दोन शेजारी ग्रहांचे रीतिरिवाज वेगळे असणं स्वाभाविक ठरतं. हजारो अनोळखी माणसं एकच विश्व लिहीत असतील तर विसंगती येणारच, आणि इथे तिला सामावून घ्यायची सोय कथेच्या भौतिकशास्त्रातच आहे.

‘थर्ड इंपेरियम’ हे साम्राज्य मागाहून आकाराला आलं, आणि तेही एकट्या कंपनीच्या हातून नाही. इतर प्रकाशकांना नकाशावरचे अख्खे प्रदेश इनाम दिल्यासारखे रंगवायला दिले गेले. १९८७ च्या ‘मेगाट्रॅव्हलर’ आवृत्तीत सम्राट स्ट्रेफॉनची हत्या झाली, साम्राज्य फुटलं आणि त्या यादवीचा तपशील भरायला स्वयंसेवी चाहत्यांचा एक गट पुढे आला. मग १९९३ मध्ये नवी आवृत्ती आली आणि तिने संगणकांना ग्रासणाऱ्या विषाणूने सगळी संस्कृतीच कोसळवली. लोकांनी वर्षानुवर्षं जपलेली जगं एका पुस्तकाने उजाड केली. लेखकाला तो अधिकार होता, पण निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. ज्यांना बांधायला बोलावलं, त्यांचं बांधकाम पाडण्याआधी त्यांना विचारायला हवं. १९९६ साली कंपनी बंद पडली. १९९८ मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सने ट्रॅव्हलरची आपली आवृत्ती काढली. तिची सूत्रं जुन्या कंपनीचे एक संस्थापक लॉरेन वाइजमन यांच्याकडे होती आणि तिच्या इतिहासात सम्राटाची हत्या झालीच नाही. तेव्हापासून दोन्ही इतिहास नांदताहेत. कुठला खरा, यावर चाहते अजून वाद घालतात, आणि वाद घालता घालता दोन्हींत भर टाकतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फोरेव्हन हा प्रदेश. तो रेजिना जिथे आहे त्या ‘स्पिनवर्ड मार्चेस’ला लागून आहे, म्हणजे खेळातल्या सर्वांत गजबजलेल्या भागाच्या शेजारी. तो मूळ कर्त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला. तिथे अधिकृतपणे काही भरायचं नाही, प्रत्येक रेफरीने आपापलं भरायचं. व्यापारी दृष्टीने ती जागा पुस्तकांनी भरून विकता आली असती. ती राखून ठेवण्यात वाचकावरचा विश्वास आहे. मिलर यांच्या पुढच्या कंपनीनेही, पैसे कमवायचे नसतील आणि हक्काची सूचना छापली असेल तर, चाहत्यांना या विश्वात लिहायची परवानगी दिली. मोठ्या मनोरंजन कंपन्या चाहत्यांच्या लिखाणाकडे संशयाने पाहतात, तेव्हा हे औदार्य उठून दिसतं.

मंगूस पब्लिशिंगच्या २००८ च्या आवृत्तीचे मूलभूत नियम मुक्त परवान्याखाली खुले झाले आणि त्यांवरच ‘सिफियस इंजिन’ हा संच उभा आहे. त्या परवान्याच्या अटी पाळून कुणीही, कुठल्याही भाषेत, त्यावर आपलं विश्व रचू शकतो. विज्ञानकथा आवडणाऱ्या मराठी मित्रमंडळींनी एखाद्या रविवारी दोन फासे आणि षटकोनी कागद घेऊन बसावं. पहिलं जग विचित्र निघालं तर फासे पुन्हा टाकू नका, ते तसं का आहे ते शोधा. आणि ऐंशीपैकी दहा-बारा षटकोन दुसऱ्या कुणासाठी तसेच ठेवा.